उपटून न पाहिलेली फांदी

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आईस, अनुजाचा नमस्कार.

कुरुंदवाडची आपली रातराणी पुरात कुजली, पण तू त्याआधी दिलेल्या फांद्यांपैकी एक इथं जगली आहे. काप तिरका होता, मातीत वाळू होती, तरी बाकीच्या वाळल्या. मुळं आली का, हे मी तुझ्यासारखीच रोज उपटून बघत होते. शेवटची फांदी शेजारच्या खतिजाचाचींनी उचलून नेली. "मुळं फुटली की देतो. तवर हिकडं फिरकायचं न्हाई," म्हणाल्या.

आता कुंडी माझ्या बाल्कनीत आहे. काल फुलली. पुरापासून उडालेली झोप हल्ली लागते.

आण्णांचा खोकला कमी आहे का?

हिचीच नवी फांदी चाचींकडे रुजत घातली आहे. दिवाळीला आणते. लावल्यावर उपटू नकोस.

तुझी,
अनुजा