जहाजावरची तांदळाची दारू

सिहोरा,
ता. ५ जानेवारी २०२५

चि. ताराचंदले मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. फोनवर तू एवढा हळू बोलतो की मले काही आयकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. ऑगस्टात रुखमिणी वारली तेव्हापासून तर तू बोलतच नाही. पत्रात तरी सापडशील.

आता मुद्द्याचं. तू पोरीच्या जहाजावर जाऊन राहिला. जा. समुद्र पाह्य, हवा खा. पण कायले चालला ते ध्यानात ठेव. शुभांगीचा करार एप्रिलात संपते. पुढच्या करारावर तिले सही करू देऊ नको, घरी घेऊन ये. चिखल्याचा चंद्रकुमार खाणीत पक्क्या नोकरीवर आहे. त्याची माय सोयरिकीसाठी आतापर्यंत थांबली, आता थांबणार नाही. सख्ख्या आईच्या तेरवीलेही पोरगी आली नाही, तेव्हा किती लोकांले मी तोंड दिलं ते मलेच ठाऊक. परवा शेजारच्या भैय्यालालनं दुकानात चारचौघांत विचारलं, की ताराचंदची पोरगी म्हणे जहाजावर दारू ओतून देते. मी म्हटलं, तुले कोणी ओतून देत नाही म्हणून पोट दुखते काय? त्याचं तोंड बंद केलं, पण घरी आल्यावर मले जेवण गेलं नाही.

तू मले शब्द दिला आहे. आजवर मोडला नाही, आता मोडू नको. पोरीसाठी लाखोरीच्या डाळीच्या वड्या पाठवून राहिली, वाटेत तूच खाऊन टाकू नको.

तब्येत सांभाळ, अन् बहिणीले धरून राह्य.

तुझी कलाताई


जहाजावरून, कोचीजवळ,
ता. १७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप ताईस ताराचंदचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. जहाज म्हणजे साकोलीचा बाजार, बसस्टँड आणि लग्नाचा मंडप एकावर एक रचावा तसं आहे. वड्या पोचल्या. शुभांगीनं उभ्या-उभ्याच निम्म्या संपवल्या.

ती काम करते ती जागा लहान आहे, सगळी लाकडाची. दारावर निळा पडदा अर्ध्यापर्यंत लोंबतो, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. तिथे जपानी पद्धतीनं साके देतात. साके म्हणजे तांदळाची दारू. तिच्यासाठी तांदूळ इतका घासतात म्हणे, की कधी कधी दाणा अर्धाच उरतो. आपल्याकडच्या मिलवाल्यानं असं केलं असतं तर मी पोलिसात गेलो असतो.

बसल्याबरोबर शुभांगीनं गरम ओला रुमाल दिला. मी तोंड पुसलं, मान पुसली आणि सवयीनं तो दुपट्ट्यासारखा खांद्यावर टाकला. तो नुसता हात पुसायला असतो, हे नंतर कळलं. शेजारी यामादा नावाचे एक म्हातारे जपानी प्रवासी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलाही रुमाल खांद्यावर टाकला. तिथून आमची ओळख झाली.

त्यांनी माझा प्याला भरला. मी दारू घेत नाही, शिवाय रुखमिणीचं वर्षही झालेलं नाही. मी तो समोर तसाच ठेवला. त्यांचा प्याला रिकामा होता, बाटली हाताशी होती, तरी ते घेईनात. मला वाटलं, यांचं मन भरलं असेल. बऱ्याच वेळानं शुभांगीनं मला हळूच सांगितलं, की इथे कोणी आपला प्याला आपण भरत नाही, शेजाऱ्यानं भरायचा असतो, आणि ते माझीच वाट पाहत आहेत.

ताई, तू मला पोरीच्या हातातली बाटली सोडवायला पाठवलं, आणि मीच बाटली उचलली. खळ्यावर धान मोजून देताना आपण काठाशी हात थांबवत नाही. शीग चढून दाणे खाली सांडले म्हणजेच माप पुरं. माझा हात तसाच चालला. प्याला भरून वाहिला आणि दारू फळीवरून यामादांच्या बाहीत गेली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. ते मात्र मोठ्यानं हसले आणि वाकून त्यांनी माझे आभार मानले. शुभांगी म्हणाली, त्यांच्याकडेही पाहुण्याला सांडेपर्यंत ओततात, फक्त खाली लाकडी खोका ठेवतात. पूर्वी तसल्याच खोक्यानं ते तांदूळ मोजत. मला खोक्याचं कोण सांगणार?

यामादांची बायको वारली आहे. घरी प्याला भरायला कोणी उरलं नाही, म्हणून चारचौघांत येऊन बसतो, असं ते म्हणाले. शुभांगी मला ते मराठीत सांगत होती. सांगता सांगता आपलंच सांगू लागली. म्हणाली, की आई गेल्याचं कळलं तेव्हा जहाज किनाऱ्यापासून फार दूर होतं. सुट्टी देत होते, तिनं घेतली नाही. खोलीत एकटं बसवत नव्हतं, म्हणून इथेच उभी राहून लोकांना वाढत राहिली. मीही तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बांधावर कामाला गेलो होतो, हे मी तिला सांगितलं. रुखमिणीबद्दल आम्ही बापलेक पहिल्यांदाच बोललो, तेही परक्या माणसासमोर.

करारावर सही करू नको, असं मी तिला म्हटलं नाही. कर म्हटलं. तुला दिलेला शब्द मोडला आहे आणि तो मी जाणून मोडला आहे. चिखल्याला तुला सांगायला जड जात असेल तर आल्यावर मी सांगतो. पोरगी दारू ओतून देते हे खरं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रागावलीस तर पत्रात रागाव, अबोला धरू नकोस एवढंच मागणं.

तुझा ताराचंद


सिहोरा,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. ताराचंदले आशीर्वाद.

तुले उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस निभलं, मग राहवलं नाही.

चिखल्याले मीच गेली. तू गेला असता तर मान खाली घालून बसला असता अन् त्या लोकांनी तोच होकार धरला असता. चंद्रकुमारच्या मायनं नाक मुरडून विचारलं, की असली सून आमच्या घरात कशी चालन. मी म्हटलं, बरोबर आहे बाई, मले येऊन घंटा झाला, तुमच्याकडे अजून कोणी पाणी विचारलं नाही. आमच्या पोरीले पाहुण्याले असं कोरडं बसवायची सवय नाही. मग चहा आला, तो तसाच ठेवून उठली. येताना बसमध्ये मले हसू आलं अन् रडूही आलं.

राग गेला असं समजू नको. पोरीले जग फिरू दे, पण घर विसरू देऊ नको. अन् काहून रे, एवढं सारं लिहिलं, तो समोरचा प्याला तू पिला की नाही, तेच लिहिलं नाही? खरं सांगजो.

तुझी कलाताई


साकोली,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप ताईस शि. सा. न. वि. वि.

प्यालो. यामादांनी बायकोचं नाव घेऊन प्याला उचलला, मग मला तो खाली ठेवता आला नाही. एकच घोट घेतला. पेजेच्या वरच्या पाण्यासारखा लागला, नंतर जरा जळजळला. भैय्यालालला खुशाल सांग.

शुभांगी एप्रिलच्या शेवटी येते. आखाजीच्या सणाला आईच्या नावानं घागर भरून पाणी देईल आणि नव्या करारावर परत जाईल. दोन दिवस तुझ्याकडे राहील. तेव्हा घरात कोणी मुलगा आणून बसवू नकोस.

ती निघेल तेव्हा तू तुमसर रोड स्टेशनवर ये. मागच्या वेळी तिच्या हातावर दही रुखमिणीनं ठेवलं होतं. ते मला जमणार नाही. दही घरचं लावून आण, आणि गाडी सुटेपर्यंत तिच्यासमोर रडू नकोस. मीही रडणार नाही.

आहे तेवढी माया पुरे आहे, ती तशीच असू दे.

तुझा ताराचंद