पान एकशे बारावरील लीलावतीबाईंबाबत

प्रति,
मा. नगर प्रशासक,
कारखाना वसाहत, पिपलानी, भोपाळ.

विषय : वसाहतीच्या वाचनालयात रविवारी येणारा प्रबंध थांबवणेबाबत.
संदर्भ : सदर प्रबंध, पान ११२ व ११९.

महोदय,

अर्जदार सिंधू मनोहर उमाळे, क्वार्टर १४७, ही चार वर्षे प्रौढ महिला वर्गात शिकत आहे. घरी भजनाला जाते असे सांगते. अर्ज मराठीत आहे; तो मराठी म्हणून आपल्याला समजावा, कार्यालयातील हिंदी बाबूंना समजू नये.

सदर प्रबंध लिहिणाऱ्या नागपूरच्या संशोधक वसुधाताई वर्गावर आल्या होत्या. बाईच्या शिक्षणाबद्दल बाईच्याच तोंडून लिहायचे, अशी त्यांची पद्धत. कोणाला कळू नये म्हणून प्रत्येकीने आपले खोटे नाव आपणच निवडावे, असे त्यांनी सांगितले. आता नसलेल्या बाईचे नाव आणायचे कुठून? सगळ्यांनी ओळखीतलीच घेतली. जिच्या वाटेला कोणी जाणार नाही अशा बाईचे घ्यावे, म्हणून अर्जदाराने साहेबांच्या, म्हणजे आपल्या, सौभाग्यवतींचे घेतले. वसाहतीत लीलावती एकच.

त्यामुळे वर्गावर आधी आलेल्या प्रतीत पान ११२ वर लीलावतीबाईंचे यजमान मीठ कमी पडले की ताट भिंतीवर मारतात, आणि पाटी-पुस्तक दिसले तर घराबाहेर काढतील असे छापले आहे. ते आपण नव्हेत. ते अर्जदाराचे यजमान आहेत. गैरसमजाबद्दल क्षमा असावी. शेवटच्या प्रकरणात सौ. बाईंना ‘वसाहतीतील सर्वांत दबलेली स्त्री’ म्हटले आहे, त्याबद्दलही क्षमा असावी.

पान ११९ त्याहून वाईट. शेजारच्या विमलने अर्जदाराचे नाव घेतले. विमल तोंडाची तिखट. तिथली सिंधू म्हणते, ‘नवऱ्याला मी भीत नाही. आठवीचा दाखला हातात पडला की बस धरीन, मागे वळून बघणार नाही.’ अर्जदार भिते. यजमान आपल्याच कारखान्यात चार्जमन असून वाचनालयातले प्रत्येक नवे पुस्तक रविवारी बसून संपवतात.

वसुधाताईंना पत्र टाकले. बाईच्या आवाजाला आपण हात लावत नाही, असे उत्तर आले. आवाज विमलचा आहे, मार अर्जदाराला पडेल.

तरी प्रबंध आपल्या बंगल्यावर ठेवून घ्यावा. ते न जमल्यास यजमानांना या रविवारी ड्यूटी लावावी, आणि पुढच्या सर्व रविवारी.

क्वार्टरमधून येणाऱ्या अर्जावर कर्मचाऱ्याची सही लागते, हा नियम अर्जदाराने फलकावर स्वतः वाचला आहे. ती सही मागण्यासारखी नाही. अर्जदाराला एकच सही येते. ती खाली आहे.

रविवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
सिंधू मनोहर उमाळे
दि. ११ फेब्रुवारी १९९३

सोबत : दोन्ही पाने, हाताने उतरवून.