तिवर आणि गेवा

देवगड, १२ जानेवारी २००६

प्रिय आई,

उन्नतीचा नमस्कार. माझं सगळं ठीक चाललंय. अक्षर मोठं आणि वाकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

इथल्या खाडीतल्या झाडांची पाहणी जोरात सुरू आहे. आपल्या भिवंडीच्या खाडीवर दिसेल ते झाड म्हणजे तिवर. इथे तसं म्हणून भागत नाही.

लहानपणी आम्ही तिवराचं पान चाटायचो, खारट लागायचं, आठवतं? मी इथेही तेच केलं. भरती होती, झाड ज्यांवरून ओळखतात ती मुळं पाण्याखाली होती आणि पानं अगदी तशीच दिसत होती. पण झाड निघालं गेव्याचं. त्याच्या देठातून पांढरा चीक येतो. ओठ सुजले, आणि मी त्याच बोटांनी डोळा चोळला. आता पुष्कळ बरं आहे.

पाहणीचे सर म्हणाले, घरी जा. मी नाही म्हटलं. तिवराचं पान उलटलं की खालून पांढुरकं दिसतं, गेव्याचं दोन्हीकडून हिरवं. हे आता मी जन्मात विसरणार नाही.

बाबांना सांगू नकोस. "पोरीला खाडीत पाठवायची न्हाय" हे त्यांचं पहिल्यापासूनचं. लगेच दीपेशदादाला मला आणायला पाठवतील. त्याची रात्रीची शिफ्ट बदलली का? तुझा गुडघा कसा आहे?

डोळ्यावरची पट्टी सोमवारी काढणार आहेत. नाही काढली तरी सोमवारच्या होडीत मी असणार. पान उलटून बघायला एक डोळा पुरतो.

तुझीच,
उन्नती