ज्याच्या त्याच्या ब्राउझरप्रमाणे

३ मार्च
रक्तपेढीच्या वेबसाइटचं काम मिळालं. कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे, ते हॉस्पिटलांना तिथल्या तिथे दिसणार. माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे नुसत्या कच्च्या नोंदी. नवा ब्राउझर तिचा तक्ता स्वतःच मांडतो. जुन्याला जमत नाही, पान कोरं दिसतं. म्हणून माझा सर्व्हर आधी ब्राउझरचं नाव बघणार, आणि जुना निघाला तर त्याला आयता तक्ता देणार. संकल्प: या वेळी सगळं तपासूनच सुरू करायचं.

९ मार्च
बायको म्हणाली, सगळ्यांनाच आयता तक्ता दे की. हसलो. तिला यातलं काय कळतंय! तेव्हापासून छातीत धडधडतंय मात्र. चहा कमी करायला हवा.

१४ मार्च
साइट सुरू. जुन्या कॉम्प्युटरवर तपासायचं राहिलं. मिळाला नाही. (मनातल्या मनात बराच शोधला.) आज वाचलं, काही जुने ब्राउझर स्वतःचं नाव नवं सांगतात. अफवा असणार. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? झोप नाही. डासांमुळे.

१९ मार्च, सकाळ
धाकटी बहीण बाळंतपणासाठी छोट्या हॉस्पिटलात. धीर द्यायला गेलो. काउंटरवर पिवळा पडलेला कॉम्प्युटर. तिकडे पाठ करून बसलो.

१९ मार्च, संध्याकाळ
मुलगी झाली, पण बहिणीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाले, लगेच रक्त आणा. नर्सने आमची साइट उघडली. कोरं पान. ती म्हणाली, यांच्याकडचं संपलेलं दिसतंय. मेहुणा शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या पेढीकडे पळाला. मला माहीत होतं, पान कोरं का आहे ते: त्या पिवळ्या कॉम्प्युटरने स्वतःचं नाव नवं सांगितलं होतं. मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिलो. नर्स पुन्हा पुन्हा तेच पान उघडत होती. शेवटी कसंबसं म्हणालो, फोन करून बघा ना. रक्तपेढीतला टेक्निशियन म्हणाला, "आहे की! नमुना घेऊन या." बहिणीच्या रक्ताच्या नमुन्याची नळी मुठीत धरून मीच धावलो. वाटेत एकदा रडलो. धूळ फार होती.
बहीण सावरली. मेहुणा गळ्यात पडला. म्हणाला, दादा, तुम्ही होतात म्हणून! मी मान खाली घातली. त्याला तो माझा विनय वाटला.

२० मार्च
आता सगळ्यांना आयता तक्ता. बायकोला सांगितलं, सखोल अभ्यासाअंती मी या निर्णयाला आलो. ती "हं" म्हणाली.

२४ मार्च
भाचीला बघायला गेलो. संकल्प: नर्सला दुरुस्त साइट दाखवायचीच. पण तिने स्क्रीनवर कागद चिकटवलेला. रक्तपेढीचा नंबर, खाली ठळक अक्षरात: वेबसाइट बघू नये. फोनच करावा.
म्हणालो, साइट आता नीट चालते.
तिने वळून विचारलं, तुम्हाला काय माहीत? तुम्ही बनवलीत का ती?
छे हो, म्हटलं. मी नुसता मामा.