जॉर्जियातला घाट

१२ ऑक्टोबर, रविवार

संपदाचा फोन. माझ्या लेकीची, ऋचाची रूममेट, तिबिलिसीहून. "काकू, आधी बसून घ्या." मी उभीच.

ऋचा आणि तिच्या वर्गातला अपूर्व, आपल्या शहपुऱ्याचा मुलगा, भाड्याची गाडी घेऊन डोंगरात बर्फ पाहायला गेले होते. परतताना घाटात, वळणावर, ट्रकला ओव्हरटेक करायला गेले. समोरून व्हॅन. अपूर्व जागीच गेला. ऋचा मशीनवर आहे.

"गाडी अपूर्व चालवत होता, काकू."

डॉक्टरकीला तिला तिकडे पाठवताना किती गोष्टींची भीती वाटली होती! थंडीची, खाण्याची, एकटेपणाची. रस्त्याची नाही. रस्ता तर इथेही आहेच.

१३ ऑक्टोबर

माझा पासपोर्ट संपलाय. ह्यांचा आहे. फॅक्टरीतून परवानगी मिळाली. हे निघाले, मी दारात. "येतो घेऊन," म्हणाले. कसं घेऊन येणार?

१५ ऑक्टोबर, बुधवार

ह्यांचा फोन. काचेतून पाहिलं तिला. चेहरा सुजलाय. ओळखली ती कानातल्या बाळीवरून.

मग एकदम टॅक्सीचंच बोलायला लागले. पोरीबद्दल बोलवत नसेल. "हेमा, गाडीला पुढचा बंपरच नाही. मी बेल्ट लावायला गेलो तर ड्रायव्हर हसला, अपमान झाल्यासारखा. एका हातात सिगरेट, एका हातात मोबाइल. चर्च दिसलं की छातीवर तीनदा हात फिरवतो, तेवढा वेळ स्टिअरिंग सुटंच! आणि वळणावर ओव्हरटेक. सगळेच करतात. समोरचा सरकेल म्हणून."

समोरचा सरकेल म्हणून.

१७ ऑक्टोबर

येणारा प्रत्येक जण अपघातच सांगून राहिला. काहून सांगतात असं?

वरच्या मजल्यावरचे गुणवंतभाऊ सौदीत टँकर चालवायचे. "भाभी, वाळवंटात सरळ रस्ता. पोट्टे बापाची गाडी घेऊन निघतात आणि दोन चाकांवर चालवतात. दोन चाकांवर! बाकीचे खिडकीतून बाहेर लटकलेले. मी डोळ्यांनी पाहिलं, उडाले तेही." चहा पिता पिता सांगत होते.

नणंदबाई, शैलजाताई, गेल्या वर्षी व्हिएतनामला फिरून आल्या. "तिथं रस्ता ओलांडायचा म्हणजे थांबायचं नाही. स्कूटरींचा नुसता लोंढा! आपण हळूहळू चालत राहायचं, ते बाजूनं काढतात. थांबलं की संपलं." हसत सांगत होत्या. मध्येच माझ्याकडे लक्ष गेलं. मग भांडी घासायला उठल्या. बाई येते भांड्यांना, तरी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पासपोर्टसाठी फोटो काढायला बाहेर पडले. विजय नगरच्या वळणावर ऑटोवाल्यानं सरळ उलट्या बाजूनं घातली. समोरून डंपर. मी किंचाळले. "दीदी, सब ऐसे ही जाते हैं." खरंच होतं ते. आमच्या मागून एक बाई स्कूटीवर, पुढे लेकरू उभं, तीही उलटीच. पोलीस सावलीत उभा.

उतरले आणि तिथंच फुटपाथवर बसले. फोटोसाठी डोळे पुसावे लागले.

कुठं पाठवायची पोर मग? कुठल्या देशात?

२० ऑक्टोबर

दिवाळी. दिवा लावला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मणका. खालचा. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण पायात जीव येणार नाही. फोनवर एवढं सांगताना हे इतके रडले की पुढचं काही कळलंच नाही. मी "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले. बँकेच्या माणसाशी बोलावं तसं.

घरात फिरले. तिची सायकल अजून बाल्कनीत आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतो आपण. लिफ्ट नाही.

अपूर्व. एकवीस वर्षांचा. काय घाई होती? ट्रकच्या मागं पाच मिनिटं राहिला असता तर! तो मेला याचं मला काही वाटत नाही. देवासमोर बसूनही वाटलं नाही.

२६ ऑक्टोबर

अपूर्वला आणलं काल. अर्धी कॉलनी शहपुऱ्याला गेली होती. शैलजाताईंनी विचारलं, "वहिनी, पाच मिनिटं जाऊन येऊ या?" नाही म्हटलं. परत विचारलं तर ओरडले त्यांच्यावर.

१ नोव्हेंबर, शनिवार

अपूर्वचे वडील आले होते. शरच्चंद्रजी. शहपुऱ्याला शाळेत मास्तर आहेत. नाव सांगेपर्यंत ओळखलं नाही. डोकं भादरलेलं, शर्टाचं बटण चुकलेलं. एकटेच, बसनं.

आत या म्हटलं नाही मी. दारातच.

"ताई, मला कळत नाही कसं बोलावं. माझ्या मुलाच्या हातून झालं. तो असता तर त्यानं तुमचे पाय धरले असते. तो नाही, म्हणून मी आलो."

आणि वाकले. खरोखर वाकले! साठीचा माणूस. मी मागं सरले.

"पोरीचं करायला कोणी लागलं तर अपूर्वची आई येईल," म्हणाले. "ती म्हणते, मी राहते त्यांच्याकडे. तिलाही काही काम पाहिजे, ताई."

मी म्हटलं, "तुमचा मुलगा मरून सुटला. माझी मुलगी रोज मरणार आहे."

ते म्हणाले, "हो. बरोबर आहे तुमचं." जिन्याचा कठडा धरून उतरले. एकेक पायरी. प्यायला पाणीही विचारलं नाही मी.

समोरच्या दारातून शेजारीण बघत होती. बघू दे! खोटं काय बोलले?

२ नोव्हेंबर

ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "हेमा, त्यांचा मुलगा गेला आहे." मी फोन ठेवून दिला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऋचाच्या घशातली नळी काढली. दोन शब्द बोलली म्हणे. "पाणी" आणि "आई". मी इथं. आई इथं पासपोर्टची वाट बघून राहिली आहे.

अपूर्वचं तिला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्यात नको. मला वाटतं, सांगावं. कुणामुळे पडून आहे ते कळू दे तिला.

आज अंघोळ केली. खिचडी टाकली, पण खाल्ली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांनी व्हिडिओ कॉल लावून दिला. माझी ऋचा. इतकुसा आवाज. "आई, रागावू नको. गाडी मी चालवत होते."

मी म्हटलं, औषधांनी भ्रम होतो बेटा. तिनं मान हलवली, जेवढी हलते तेवढी. गाडी जपानहून आलेली, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. ते तिच्या हातात. डाव्या सीटवर अपूर्व. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून गाडी चालवणारा सगळ्यांनी त्यालाच धरलं. "तो म्हणत होता, थांब ऋचा, ट्रकला जाऊ दे. मीच नाही ऐकलं. त्याला खूप लागलं का गं? कोणी सांगत नाही. त्याला माझ्याकडून सॉरी म्हण."

हे पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभे.

शरच्चंद्रजींचा नंबर शैलजाताईंकडून घेतला. लावला. "मी ऋचाची..." एवढंच म्हटलं.

"कोण, ताई का?" ते म्हणाले. "बोला ना. ऋचा बरी आहे ना?"