आईने रचलेली लाकडं

प्रिय जोलीन,

फोनवर तू विचारतेस आणि मी ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा होतो. कागदावर तसं सुटता येत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. डॉन नवऱ्याला घरी टाकून चर्चच्या गायनाला गेली आहे, घर शांत आहे. पत्र लांबलं तर कंटाळू नकोस.

शेकोटी पेटते, हे तुला बाबांनी कळवलंच. पहिल्या खटक्याला पेटते आणि पेटलेली राहते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत ती भरवशाची झाली नाही तर बाबांना डलुथला, तुझ्या घराजवळच्या वृद्धांच्या इमारतीत न्यायचं, असं आपलं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तू म्हणालीस, मी मान हलवली आणि बाबा म्हणाले, “बघू.” त्यांच्या ‘बघू’चा अर्थ आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी तुला दोष देत नाही. जानेवारीतल्या त्या वादळात वीज गेली, घर तापवणारी तळघरातली भट्टी बंद पडली, आणि विजेशिवाय चालणारी घरातली एकच गोष्ट, ती गॅसची शेकोटी, पेटून पेटून विझत राहिली. मी तेव्हा काउंटीची रस्ते साफ करणारी बर्फगाडी घेऊन त्यांच्याच रस्त्यावरून दोनदा गेलो. खिडकीत अंधार दिसला. झोपले असतील म्हणालो आणि पुढे गेलो. सकाळी ते अंगात ओव्हरकोट, त्यावर आईची गोधडी अशा अवस्थेत खुर्चीत सापडले, पायांची बोटं पांढरी पडलेली. मला बघून म्हणाले, “कॉफी करतोस का? बाकी काही वाईट नाही.” वादळ आलं की मी कधीच त्यांच्याजवळ नसणार, माझं कामच तसं. त्यामुळे ती शेकोटी पेटणं माझ्यासाठीही किती गरजेचं होतं, ते तू समजू शकतेस.

उन्हाळा संपल्यापासून मी तिच्या मागे लागलो होतो. आधी गॅसचा कॉक तपासला. मग पायलटच्या, म्हणजे सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, नळीत कोळ्याने जाळं केलं होतं, ते फुंकून काढलं. बाबा दर वसंतात गॅस वाचवायला पायलट विझवतात आणि कोळ्यांना भाड्याशिवाय घर मिळतं. मग भिंतीवरच्या बटणाच्या तारा घट्ट केल्या, मग ती ज्योतीच्या उबेवर चालणारी बोटभर सळई नवी आणून बसवली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. पायलटची निळी ज्योत जळतेय, बटण दाबलं की मोठी आग भपकन येतेय, आणि बाबा खुर्चीत टेकेपर्यंत सगळंच विझतंय. चर्चमध्ये त्यांचा जुना दोस्त ऑरविल त्यांना म्हणाला, “आर्विड, शेकोटी मालकावर गेली रे! उठायला तीन हाका लागतात आणि उठली की लगेच डुलकी.” बाबा म्हणाले, “तुझी बायको तुला एवढ्या हाका मारत नाही, कारण तू उठलास तरी उपयोग नसतो.” सगळे हसले. घरी आल्यावर मात्र कोट न काढताच त्यांनी चारदा बटण दाबून पाहिलं.

शेवटी गॅसवाल्या विन्सला बोलावलं. त्याने काचेवरची काजळी पाहिली आणि विजेरी आत धरून म्हणाला, “यंत्रात काही नाही. लाकूड चुकीच्या जागी आहे.” तुला ती भाजक्या मातीची खोटी लाकडं आठवतात ना? त्यातलं दोन फांद्यांचं जे आहे, त्याची खालची फांदी पायलटच्या तोंडाशी आली होती. मोठी आग तिला आपटून मागे फिरायची, पायलटची ज्योत कलायची, सळई गार पडायची आणि गॅस आपोआप बंद व्हायचा. विन्सने हात पुढे केला, तर बाबा खुर्चीतून उठले. मी त्यांना इतक्या चटकन उठताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. “लाकडांना हात लावायचा नाही,” म्हणाले. विन्स म्हणाला, “अहो आर्विडकाका, चार बोटं सरकवायचंय फक्त.” बाबा आईचं नाव घेऊन म्हणाले, “बोरघिल्डने ठेवलंय ते. बिघाड यंत्रात शोध. तिच्यात शोधू नकोस.” विन्सने माझ्याकडे पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि कॉफी न घेता गेला.

दर ऑक्टोबरला आई काच काढून धुवायची, लाकडं जुन्या रंगाच्या ब्रशने झटकायची आणि परत रचायची. गेल्या ऑक्टोबरात तू तिच्या मदतीला होतीस. तिचे हात तेव्हा थरथरायला लागले होते आणि डिसेंबरात ती गेली. म्हणजे ती रचना तिची शेवटची. घरात तिने ठेवलेलं आणि अजून तसंच असलेलं तेवढंच राहिलंय. कपडे तू आणि डॉनने वाटले, स्वयंपाकघर मी आवरलं. हे मला कळत होतं, जोलीन. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ल्युटफिस्क माशांच्या वार्षिक जेवणाच्या आदल्या दिवशी बाबा नेहमीसारखे चर्चच्या तळघरात बटाटे सोलायला गेले. मलाही जायचं होतं. रस्त्यावर मीठ टाकायचंय असं सांगून मी त्यांच्या घरी गेलो, काच काढली आणि ते लाकूड उचलून उजवीकडे, भिंतीकडे सरकवलं. खाली जिथे ते टेकलं होतं, तिथे काजळीत त्याची पांढरट खूण उमटली होती. ती मी ब्रशने पुसली. लाकूड सरकवताना मला काही वाटलं नाही, घराला ऊब मिळावी म्हणून करतोय असं मनाला सांगता आलं. ती खूण पुसताना मात्र मी काय करतोय ते मला नीट माहीत होतं.

संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं आणि आग पेटली. ते उभेच राहिले, विझायची वाट बघत. विझली नाही. मग मला फोन. “कर्टिस, ये लवकर!” मी गेलो आणि आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं. बाबा म्हणाले, “बघ, मी म्हणत नव्हतो? तिचं लाकूड बरोबरच होतं. विन्सला सांग, शाळेत परत जा म्हणावं.” दुसऱ्या दिवशी जेवणाला सगळं गाव होतं. पास्टरांनी ज्येष्ठ म्हणून बाबांना प्रार्थना म्हणायला सांगितलं. नेहमीची म्हणून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “आणि प्रभू, बोरघिल्डने रचलेल्या लाकडांना तू आग धरू दिलीस, त्याबद्दल आभार.” त्यांनी आयुष्यात कधी प्रार्थनेत स्वतःचं एक वाक्य घातलं नव्हतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. तेव्हापासून जेवणाआधी हात जोडले की माझी नजर ताटावरून वर जात नाही.

तरीही मी गप्प बसलो असतो. घर उबदार आहे, बाबा खूश आहेत, तूही डलुथचा विषय काढल्याबद्दल फोनवर त्यांची माफी मागितलीस. सगळ्यांचं भलंच झालं, असं मी रोज बर्फगाडीत स्वतःला समजावत होतो. पण या रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांची खुर्ची जागेवर नव्हती. लाकडं रचताना तू तिथे होतीस ना, आई काय म्हणायची आठवतं? “खुर्चीतून त्यांना फांद्यांच्या मधली आग दिसायला हवी, नाहीतर दिवसभर माझ्याकडेच बघत बसतात.” बाबांनी खुर्ची आधी उजवीकडे सरकवली होती, मग पुढे ओढली होती, गालिच्यावर पायांचे ओरखडे दिसत होते. म्हणाले, “आग फांद्यांच्या मधे दिसत नाही रे आता. डोळे गेले असतील.” आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “का तिने असं ठेवलंच नव्हतं? मला वाटतं ठेवलं होतं. पण आता मला तिचं नीट आठवेनासं झालंय, कर्टिस.” मी कॉफी गार होईपर्यंत कप धरून बसलो. निघताना त्यांनी दारात सांगितलं, “जोलीनला विचारीन. तिच्यासमोरच तर लावली होती लाकडं.”

म्हणून हे पत्र. लिहायला घेतलं तेव्हा तुला विनवायचं होतं की त्यांनी विचारलं तर ‘होय, असंच होतं’ म्हण. इथवर आलो आणि ते लिहवत नाही. तू थँक्सगिव्हिंगला येण्याच्या आधी मीच त्यांना सांगणार आहे. माझ्या शब्दावर त्यांनी यापुढे विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही, म्हणून तूही सांग, की लाकूड डावीकडेच होतं, फांद्यांच्या मधून आग दिसायची आणि त्यांना आई अगदी बरोबर आठवतेय. मग ते लाकूड परत तिथे ठेवतील, आणि शेकोटी पुन्हा विझेल. तेव्हा जोलीन, त्यावरून त्यांना डलुथला न्यायचा हट्ट धरू नकोस. वादळ येणार असेल त्या दिवशी मी दुपारीच त्यांना आमच्या घरी घेऊन येईन. नाही म्हणाले तर डॉन त्यांच्याकडे झोपायला जाईल, ती तयार आहे. हा एक हिवाळा त्यांना त्या खुर्चीत बसू दे. आगीशिवाय बसायचं की आईच्या लाकडाशिवाय, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मागच्या वेळी ते मी त्यांच्या पाठीमागे ठरवलं.

तुझाच भाऊ,
कर्टिस