शेजारच्या काकांचा मासा

७ फेब्रुवारी

चि. गोटीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरी असशील असं धरून चालते. तुझा पत्ता मावशीकडून काढून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, तीन दिवस तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. इतकी वर्षं मी फक्त पुड्यांवर कात्र्या-चिमट्यांची नावं लिहिली आहेत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे ठीक आहे. हॉस्पिटलात वाफेचं नवीन ऑटोक्लेव्ह आलंय, जुन्यापेक्षा नखरेल. काम तेच. ऑपरेशनची हत्यारं दोनदा धुवायची, कापडात गुंडाळायची, वाफेत घालायची, आणि वरच्या चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या, म्हणजे जंतू मेले, की पुढे पाठवायची. इन्चार्ज सिस्टर तुझी चौकशी करत होत्या. मी सांगितलं, छापखान्यात काम करते. "नर्सिंग सोडून छापखाना?" असं म्हणाल्या. मी "हो" म्हणून हातातला ट्रे धुवत राहिले.

एक काम होतं. शेजारच्या काकांकडे एक फायटर मासा आहे, तुझ्याकडे होता तसाच, निळा. घरातल्यांनी महिनाभर त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. भांडं वॉशिंग मशीनवर ठेवून दिलं आणि आठवण झाली तर ब्रेडचा चुरा टाकला, बस. पाणी हिरवट झालं, वास मारायला लागलं. शेपटीच्या चिंध्या झाल्यात, रंग उडालाय, तळाशी एका कुशीवर पडून असतो. मधूनच वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि परत खाली जाऊन पडतो. काका हवालदिल झालेत. त्यांना माशांतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मीच म्हटलं, आमच्या गोटीला विचारते.

माझ्या अकलेनं मी थोडी मदत केली. भांडं उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं, तळातले गोटे वाफेतून काढले, आणि आमच्या विभागातलं डिस्टिल्ड वॉटर आणून भरलं. त्याहून स्वच्छ पाणी या शहरात मिळायचं नाही. तर त्यात सोडल्यापासून तो जास्तच खालावला. घाणीत महिनाभर जगला आणि स्वच्छ केल्यावर मरायला टेकला, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. रोज कामावरून आले की आधी तिथे जाऊन बघते. बघण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

तुझ्या माशाचा विषय मुद्दाम काढत नाही. तो मेला हे तू माझ्याकडून फोनवर ऐकलंस, फोन ठेवलास, तो आजतागायत उचलला नाहीस. ते राहू दे. या माशाचं काय करायचं एवढंच कळव. चार ओळी पुरेत. काकांचा जीव टांगणीला लागलाय.

तुझी
आई


२४ फेब्रुवारी

चि. गोटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. वर मायना नाही, कशी आहेस नाही, थेट पाण्यापासून सुरुवात. मोजून सहा ओळी. मी चार मागितल्या होत्या, तेव्हा दोन जास्तच मिळाल्या म्हणायच्या.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. इतक्या शुद्ध पाण्यात मासा तग धरत नाही, त्याला पाण्यात थोडं काहीतरी विरघळलेलं लागतं, हे वाचून मी खुर्चीत बसलेच. आता नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवते आणि रोज फक्त चौथा हिस्सा बदलते. बाकीचं जुनं तसंच राहू द्यायचं. माझ्या हातांना हे किती जड जातंय ते तुला ठाऊक आहे. ब्रेड बंद केला, दुकानातून त्याचे दाणे आणले. ऊब राहावी म्हणून भांड्याशेजारी टेबललॅम्प लावून ठेवलाय. काकांना हे झेपत नाही, म्हणून भांडं सध्या आपल्याकडेच आहे.

आठ दिवस त्यानं दाण्याला तोंड लावलं नाही. मी टाकायची, दाणा फुगायचा, मी काढायची. नवव्या दिवशी तो तिरपा तिरपा वर आला आणि एक दाणा गिळला. दुसरा थुंकून टाकला, पण एक गिळला. मी एकटीच स्वयंपाकघरात "शाबास" म्हणाले.

पुढचं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. परवा दुपारी बघते तर पाण्यावर, कडेला, पांढरा फेस. फेस दिसला की माझा हात थांबत नाही. कात्रीच्या सांध्यात एवढासा फेस राहिला तरी आम्हाला बोलणी बसतात. चमच्यानं सगळा काढला, कड पुसून चकचकीत केली. काल दाणे आणायला गेले तेव्हा मासेवाल्या दुकानदाराला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो जाळीनं मासे काढत होता, त्यानं मान वर केली.

"बाई, तो फेस नव्हता. घरटं होतं."

"कसलं घरटं?"

"बुडबुड्यांचं. नर बांधतो. जरा बरं वाटायला लागलं की बांधतो."

"मग आता?"

"आता काय. परत बांधलं तर बांधलं."

घरी आले तर तो तळाशी. दाणा टाकला, बघितलासुद्धा नाही. गोटी, मी बेसिनपाशी उभी राहून रडले. पंचवीस वर्षं जंतू मारण्यात घालवली, आणि जे जगायला बघतंय ते मला ओळखता येत नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर राहिलं. काकांच्या माशाच्या डाव्या डोळ्याखाली पांढरा ठिपका आहे का, असं विचारलंयस. पाणी जरा गढूळ आहे, नीट दिसत नाही. बघून सांगते.

तुझी
आई


७ मार्च

गोटी,

तुझं पत्र नाही. येईल असं मलाही खरं वाटत नव्हतं.

पाणी गढूळ नव्हतं. मागचं पत्र लिहीत होते तेव्हाही नव्हतं.

शेजारी कुणी काका नाहीत. ते घर दोन वर्षं कुलूपबंद आहे, हे तू इथे राहत असताना रोज बघत होतीस. तरी मी ते तुला लिहिलं, यावरून माझी अवस्था ओळख.

तू नर्सिंग सोडलंस हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. ते इन्चार्ज सिस्टरकडून कळलं, सगळ्या विभागासमोर, हातात मोजे असताना. मग मी घरी येऊन तुला जे बोलले ते परत लिहीत नाही. तू जाताना दारातून एवढंच म्हणालीस, "साहेबांना रोज दोन दाणे घाल." माझ्याबद्दल काही नाही, त्या माशाबद्दल. दुसऱ्याच दिवशी मी तुझी खोली काढली. चित्रं, शाईच्या बाटल्या, वह्या, सगळं भंगारात. भिंती फिनेलनं पुसल्या. दोघींच्या घरातली एक खोली अशी केली की तिथे कधी कुणी राहिलंच नसावं. माशाला घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून साहेब तेवढे उरले, वॉशिंग मशीनवर. दाण्यांचा डबा खोलीबरोबर गेला होता.

महिन्यानं तुझा फोन आला. "साहेब कसे आहेत?" असं विचारलंस. मी कशी आहे ते आधी विचारशील असं मला वाटलं होतं. ते इतकं लागलं की मी म्हटलं, "मेला. फेकून दिला." भांड्याकडे मी आठवडाभर बघितलंसुद्धा नव्हतं. तू फोन ठेवलास. मग मी ते भांडं मोरीत उपडं करायला उचललं, म्हणजे निदान खोटं बोलल्यासारखं होणार नव्हतं. आणि तो वर आला. त्या चिंध्या ओढत वर आला, एक घोट हवा घेतली आणि खाली गेला. माझ्याच्यानं ते भांडं उपडं करवलं नाही.

तर, ठिपका आहे. डाव्या डोळ्याखाली, तांदळाच्या कणीएवढा.

मी काही मागायला हे लिहीत नाही. भंगारवाल्याकडे जाऊन आले, त्याच्याकडे तुझं काही उरलेलं नाही. त्यानं चार ढीग उपसून दाखवले, मीही बसून हात घालून बघितलं. जे गेलं ते मला परत आणता येत नाही. साहेब वाचतील असंही मला लिहिता येत नाही. आमच्याकडे पट्टी काळी झाली की समजतं, काम झालं. इथे अशी कुठली पट्टी नाही. दाणा टाकायचा आणि बसायचं. शेपटीच्या कडेला एक पातळ, काचेसारखी रेघ आलीय. दुकानदार म्हणतो ती नवीन वाढ आहे, पण तो माल विकणारा माणूस, धीर द्यायला म्हणत असेल. काल साहेबांनी दोन दाणे खाल्ले, आज एकही नाही. दिवसभर माझं लक्ष त्यातच असतं. परवा एका ट्रेत कात्रीच्या जागी चिमटा गेला. सिस्टर बोलल्या, मी ऐकून घेतलं.

भांडं आता तुझ्या खोलीत ठेवलंय. रिकामी खोली आहे, तिथे ऊन बेताचं येतं. तळाच्या गोट्यांवर थोडं हिरवं धरायला लागलंय. मी ते घासलेलं नाही.

आज दुपारी कामावरून आले तेव्हा कडेला बुडबुडे होते. घरटं म्हणण्याइतके नाहीत. अकरा मोजले, त्यातला एक माझ्यादेखत फुटला. साहेब खाली होते, पण सरळ होते, कुशीवर नव्हते. माझ्या हातात फडकं होतं. ते मी बाहेर नेऊन दोरीवर टाकलं आणि परत येऊन भांड्यासमोर बसले.

इथूनच लिहितेय. आता दहा आहेत. मी हात लावलेला नाही.

दोन्ही हात आवरून बसलेली,
तुझी आई